गुरुवारचं गिऱ्हाईक

दर गुरुवारी सकाळी खांदा कॉलनीच्या कोपऱ्यावर ढवळेकाका माझ्या टेम्पोत चढतात, कापडी पिशवीतून एक मरून रंगाची लेडीज पर्स काढतात, खांद्याला लावतात, आणि नेरे गाव मागं पडलं की बाई होतात.

कपडे तेच. पांढरा शर्ट, खिशाला पेन, पायात कोल्हापुरी. पण मान जराशी वाकडी होते, भुवया वर जातात आणि आवाज असा निघतो की पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी ब्रेक मारून मागं बघितलं. कोण बाई चढली म्हणून. माझ्या टेम्पोला मागं सीटच नाय, हे मला आठवलं नाय.

"काय रे, टोमॅटो आहेत की गोट्या?" काका त्या आवाजात बोलले. समोर टोमॅटो नव्हते, टोमॅटोवाला पण नव्हता. मग आपल्या नेहमीच्या आवाजात बोलले, "प्रॅक्टिस करतोय. तू रस्ता बघ."

मी रस्ता बघितला. शाळेत पण गुरुजी मला हेच सांगायचे. बाळू, तू खिडकीबाहेर बघ, बाकीच्यांना शिकू दे.

हे सगळं चालू झालं एका सुपावरनं. नेऱ्याच्या वर, डोंगराला टेकून ठाकर आदिवासींची वाडी हाय. तिथल्या बाया रानातला बांबू आणून सुपं विणतात. आमच्याकडं गौरीच्या ओवशाला नवं सूप लागतं. त्यात पानं-फळं भरून घरातल्या सुना गौरीपुढं ओवाळतात. घरात जेवढ्या सुना तेवढी सुपं. म्हणजे माल जायला तोटा नाय. पण तो पनवेलला नेऊन विकणार कोण? दरवर्षी एक व्यापारी वाडीवर गाडी लावायचा, सगळी सुपं उचलायचा आणि त्याच्या मनाला येईल ते हातावर ठेवायचा. दिवाळीपर्यंत ते संपायचं. मग घरांना कड्या लावून वाडी वीटभट्टीवर.

हिराबाय वाडीच्या बचत गटाची पुढारीण. तिनं ठरवलं, यंदा सुपं आपण विकायची आणि भट्टीवर जायचं नाय. व्यापाऱ्याला तसं तोंडावर सांगून पण टाकलं. तो हसत गेला. कारण त्याला ठाऊक होतं, हिराबायला सूप विणता येतं, भाव सांगता येत नाय.

ते मी डोळ्यांनी बघितलं. काकांना तांदूळ पाखडायला सूप पायजे होतं, म्हणून मी त्यांना वाडीवर घेऊन गेलो. काकांनी सूप उचललं, विचारलं, केवढ्याला. हिराबाय बोलली, दोनशे. काका खिशात चष्मा शोधायला लागले. हिराबाय बोलली, दीडशे द्या. काकांनी दुसरा खिसा चाचपला. हिराबाय बोलली, शंभर. चष्मा डोक्यावर सापडला, तेव्हा ती बोलली, "नायतर द्या काय द्यायचं ते."

"अहो बाई, मी अजून तोंडसुद्धा उघडलं नाही," काका बोलले. त्यांनी दोनशे दिले. तर ती शंभर परत द्यायला टेम्पोमागं पळाली. अनवाणी.

काका नेऱ्यापर्यंत सूप मांडीवर उलटंसुलटं करत होते. हा माणूस पोस्टात तिकिटांच्या खिडकीवर बसून रिटायर झालेला. आयुष्यभर छापील किमतीला माल विकला, एक पैसा वर नाय की खाली नाय. त्यांना ते सहन झालं नाय. उतरताना बोलले, "बाळू, पुन्हा कधी जाणार वर?" मी बोललो, गुरुवारी. गुरुवारी ते पर्स घेऊन आले.

शिकवणी अशी. हिराबायच्या अंगणात सुपांची चळत. मागं हिराबाय. तिच्या मागं गटातल्या बाया, पदर तोंडात. काका लांबून पर्स सावरत येणार आणि नाक मुरडणार.

"काय गं, सोन्याच्या काड्यांनी विणलंयस का?"

"नाय बाय, बांबू हाय," हिराबाय खरं सांगायची.

"खालचं दाखव. वरच्याला सगळ्यांचे हात लागलेत. मागच्या वर्षी तर निम्म्यात दिलंस."

"मागल्या वर्षी आमी आलोच नव्हतो."

"हे बोललात ते चांगलं बोललात," काका मधेच आपल्या आवाजात. "पण हसू नका. मान वर. भाव सांगायचा आणि गप्प बसायचं. जो आधी बोलेल तो हरला."

गप्प बसणंच जमेना. हिराबाय दोनशे सांगायची, ओठ दाबून धरायची, गाल फुगायचे, डोळ्यांत पाणी यायचं आणि शेवटी भस्सकन, "द्या काय द्यायचं ते."

त्याहून वाईट होतं निघून जाणं. काका सूप खाली टाकायचे, "राहू दे मग," करायचे आणि जांभळीच्या झाडाकडं चालायला लागायचे. सावकाश. पर्स हलवत. कान मागं. चार पावलांत हिराबायची हाक जायची. "या बाय, न्या बाय, रागावू नका."

काका परत यायचे. "हिराबाई, ती येणार होती. तिला सूप हवं होतं. ती नुसती चालत होती."

"मला वाटला, राग आला बायला."

"तिला राग येत नाही," काका बोलले. "तिला मजा येते."

एकदा मी बढाई मारली, की ह्यात काय एवढं. काकांनी मला सुपांमागं बसवलं. आता माझी गोष्ट अशी, की मी भाव करायला गेलो की वाढतो. बैल घ्यायला गेलो होतो तर दावं आणि घंटा वेगळे पैसे देऊन आलो. बैल आजारी होता तो निराळाच. तर काका पर्स घेऊन आले, एक सूप हातात घेतलं, आणि माझ्याकडं नुसतं बघितलं. किती बघितलं ते मला माहीत नाय. उठलो तेव्हा एका सुपाच्या पैशात मी तीन दिली होती, घरपोच पोचवायचं कबूल केलं होतं, आणि त्यांच्या जिन्याच्या कठड्याला रंग मारून देणार होतो. बाया हसून हसून जमिनीवर. हिराबाय डोळे पुसत बोलली, "बाळूदादापरीस मी बरी." त्या दिवसापासनं ती सुधारली. माझा कुणाला उपयोग झाला असंल तर हा एवढाच.

गौरीच्या आधी आमी माल उतरवला. खांदा कॉलनीतच, रस्त्याच्या कडेला, एका सुक्या मासळीवालीच्या बाजूला. काका रस्त्याच्या पलीकडं मेडिकलच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. बोलले, मी जवळ असलो तर ती माझ्याकडे बघेल.

पहिली बाई आली ती गाडीतून उतरून. गॉगल कपाळावर.

"केवढ्याला?"

"दोनशे."

आणि हिराबाय गप्प झाली.

असा सन्नाटा मी सासऱ्याकडं मुलगी मागायला गेलो तेव्हा पण ऐकला नव्हता. बाईनं सूप उलटं केलं. सुलटं केलं. "शंभरला दे." हिराबाय गप्प. मला घाम. माझं तोंड आपोआप उघडलं, "मॅडम, काय हाय ना..." तेवढ्यात हिराबायचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. बाईनं सूप टाकलं आणि चालायला लागली. पानाच्या टपरीपर्यंत गेली. हिराबायनं पदर मुठीत आवळला होता. पण हाक गेली नाय. टपरीच्या पुढं बाई थांबली, वळली, परत आली आणि दोन सुपं घेतली. एक जावेला.

काका रस्ता ओलांडून आले ते जवळजवळ धावत. एका हातानं वाहनं अडवली. पर्स खांद्याला, मान वाकडी. "काय गं, सोन्याच्या काड्यांनी विणलंयस का?"

"सोन्याच्याच हायत, बाय," हिराबाय बोलली. "दोनशे."

काकांची मान सरळ झाली. ते चहा सांगायला गेले.

बाजूच्या मासळीवालीनं हातातलं सुकट तसंच धरलं होतं. करंजा बंदरावरची म्हातारी, कपाळाएवढं कुंकू. मला बोलली, "आरं, ह्यो आवाज ढवळेबायचा हाय. माझ्याकडं सुकट घ्यायला यायची. घासून घासून जीव खायची माझा. मी वाट बघायची तिची."

"मग आता येत नाय?"

"गेली. दोन वर्सां झाली. पर्सपन तिचीच. आन ह्यो नवरा, ती भाव करायला लागली का त्या खांबाआड जाऊन उभा ऱ्हायचा. लाज वाटायची त्याला."

मी दिवसभर बडबडणारा माणूस. मी सुपं मोजत असल्यासारखं केलं.

गौरी यायच्या आत सगळी सुपं गेली. दिवाळीसाठी टोपल्यांची मागणी आली. वाडीतल्या घरांना ह्या वर्षी कड्या लागणार नाय, हे हिराबायनं मला सांगितलं, व्यापाऱ्याला पण निरोप धाडला. परत येताना काकांनी पर्स पिशवीत घातली, पिशवीची गाठ मारली. "झालं काम, बाळू. आता त्यांना गरज नाही. गुरुवारी तू एकटाच जा."

पुढचे गुरुवार माझ्या बाजूची सीट रिकामी गेली. काका कोपऱ्यावर यायचे, पेपर घ्यायचे, हात करायचे, घरी जायचे. वाडीवर हिराबायनं विचारलं, काका कुठं हायत. मी मासळीवालीनं सांगितलं ते सगळं तिला सांगितलं. ती बांबू सोलत होती. सोलत राहिली. मग बोलली, "त्यांना सांग, आमी इसरलो."

"काय इसरलात?"

"सगळा. भाव सांगाया इसरलो."

"अगं, परवा तर टोपल्या घ्यायला आलेल्या फार्महाऊसवाल्याला तू रडवलंस."

तिनं माझ्याकडं बघितलं. माझ्या गुरुजींनी पण माझ्याकडं असंच बघितलेलं हाय. "बाळूदादा, सांगितलाय तेवढाच सांग."

मी सांगितलं. काका भडकले. "विसरल्या? इतक्यात? काय शिकवलं होतं मी?" आणि बोलता बोलता त्यांचा हात पिशवीची गाठ सोडत होता.

अंगणात टोपल्यांची चळत होती. काका पर्स सावरत आले. हिराबाय मान खाली घालून बोलली, "दोनशे. नायतर द्या काय द्यायचं ते." काकांनी कपाळावर हात मारला. पुन्हा पहिल्यापासून. सोन्याच्या काड्या झाल्या, खालचं दाखव झालं. ते जांभळीकडं चालायला लागले तर चार जणींनी एकदम हाका मारल्या. मी सांगायला गेलो, की काका, ह्या तुमाला... तर मागनं कुणीतरी माझ्या पायावर पाय दिला. नक्की कुणी ते कळलं नाय, पण पूर्ण वजनानं.

काका परत आले, धापा टाकत. हिराबायनं चटई अंथरली.

"बाय, उन्हातनं आलाव. बसा. चा घ्या, मंग भाव करू."

काका बसले. मान अजून वाकडीच होती, पर्स मांडीवर. "साखर कमी घाल गं," ते त्या आवाजात बोलले.

ढवळेकाका चहात तीन चमचे साखर घालतात. नाक्यावर दोनदा मागून घेतात, मी बघितलंय. हिराबायनं कमी साखरेचा चहा दिला. त्यांनी तो तसाच प्यायला, सावकाश, बशी हातात धरून, आणि तो संपेपर्यंत अंगणात कुणीच भाव काढला नाय.