दीड तासाचं विमान

टेलरमास्तरांनी तिकिटाचा कागद कापायच्या टेबलावर पसरला आणि दोन आकड्यांखाली खडूने रेघ ओढली.

"नऊला निघायचं, साडेदहाला पोहोचायचं. दीड तास!"

"दीडच तास? मुलगी तर म्हणते, लांब आहे," बायको म्हणाली. "तिला फोन करून विचारू का?"

"वाचता येतं मला."

तरी मास्तरांनी मुलीचा शाळेतला नकाशा काढला, गळ्यातली टेप दोन शहरांवर ताणून धरली आणि खालच्या पट्टीवरून हिशेब मांडला. "साडेतीन हजार किलोमीटर. विमान आहे ते, आपली स्कूटर नव्हे!" चाळीस वर्षांत ज्याचं माप बोटभरही चुकलं नाही, त्याच्यापुढे बायको काय बोलणार?

तीन महिन्यांची नात अजून फोनवरच पाहिली होती. तिला पहिल्यांदा आपणच उचलून घ्यायचं, हे मास्तरांनी जाहीर करून टाकलं होतं. घाई इतकी, की त्यांनी डबासुद्धा घेऊ दिला नाही. "दीड तासात कोण जेवतं? मुलीकडेच गरमगरम खाऊ."

विमानात हवाईसुंदरी खाण्याची गाडी घेऊन आली, तेव्हा मास्तरांनी हात हलवला. "नको. आता उतरायचंच आहे."

बरोबर साडेदहाला ते उठले आणि वरची बॅग खाली ओढली. "ऊठ गं. नंतर गर्दी होते."

मागचे कोटवाले गृहस्थ दचकून जागे झाले. "आलं का?"

"आलं, आलं!" मास्तर म्हणाले.

कोटवाल्यांनी बॅग काढली. ते पाहून पलीकडचं कुटुंब उठलं, आणि 'आलं, आलं' म्हणत बघता बघता पार शेपटापर्यंत माणसं उभी राहिली. हवाईसुंदरी गर्दीतून वाट काढत धावत आली.

"बसून घ्या सगळे! अजून अडीच तास आहेत!"

सगळ्यांच्या माना मास्तरांकडे वळल्या.

"तिकिटावर साडेदहा छापलंय," मास्तर ठासून म्हणाले.

"काका, ते तिकडचे साडेदहा. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे."

"मग तिकडे आत्ता किती वाजलेत?"

"आठ."

मास्तरांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे तिकडच्या हिशेबाने आपण अजून निघालोच नाही?"

अख्खं विमान हसलं. कोटवाले बॅग वर ठेवत पुटपुटले, "मी आपला पाय मोकळे करत होतो." बायकोने मात्र हसू पदरात लपवलं, आणि मास्तरांना तेच जास्त लागलं. पोटात कावळे ओरडत होते. पण गाडी परत बोलवायची कोणत्या तोंडाने? पुढचे अडीच तास ते खिडकीबाहेरचा तोच तो ढग बघत बसले.

शेवटी एक दणका बसला, विमान थांबलं आणि सगळे उठले.

"चला," बायको म्हणाली.

"बस खाली! पुन्हा हसं करून घ्यायचंय का?"

"अहो, सगळे उतरताहेत."

"मघाशी पण सगळे उठले होते."

बायकोने पर्स उचलली आणि ती चालू लागली. मास्तर पट्टा घट्ट आवळून बसून राहिले. विमान रिकामं झालं, सफाईवाले आत आले, तेव्हा हवाईसुंदरीनेच त्यांच्याजवळ येऊन हात जोडले. "काका, आता खरंच उतरा."

बॅग सावरत, धापा टाकत ते बाहेर पोहोचले. नात आजीच्या कुशीत गाढ झोपली होती.

"आई, बाबा कुठे राहिले गं?" मुलगी विचारत होती.

"विमानातच," बायको नातीला थोपटत म्हणाली. "आलोय, हे त्यांना अजून पटायचंय."