परक्याचं झाड

“पंधरा दिवसांतून एकदाच पाणी. तेही घोटभर,” मेजरीणबाई तिसऱ्यांदा बजावत होत्या. देवळाली कॅम्पातल्या त्यांच्या बंगल्याच्या पायरीवर भिमाबाई कुंडी मांडीवर घेऊन मान डोलवत होती, पण तिचं सगळं ध्यान कुंडीत. फूल म्हणावं तर वास नाही, कोबी म्हणावा तर इतका गोजिरवाणा कसा? जाडजाड पानं एकात एक बसून थेट गुलाब झालेला.

मेजरीणबाई लेकीच्या बाळंतपणासाठी तीन महिने जबलपूरला निघाल्या होत्या. कॅम्पात फुलं घालणाऱ्या भिमाबाईनं वाळकी काडी खोचली तरी पालवी फुटते, अशी तिची ख्याती. ती ख्यातीच आता पणाला लागली.

दारणाकाठच्या मळ्यात सासूनं, नवसाबाईनं, कुंडी चहूबाजूंनी न्याहाळली.

“हे उमलायचं कधी?”

“उमललंच हाय, आत्याबाई.”

“मंग पानं कुठंयत?”

“हीच पानं.”

“आन फूल?”

“हेच फूल.”

सून कॅम्पात जाऊन बिघडली, असं नवसाबाईचं मत झालं.

पाण्याचा नियम मात्र कुणाच्याच गळी उतरेना. झेंडूला दिवसाआड पाट सोडणाऱ्या घरात परक्याचं लेकरू तहानलेलं ठेवायचं? सकाळी भिमाबाई हळूच तांब्या ओतायची. दुपारी सगळे लवंडले की नवसाबाई. संध्याकाळी भिमाबाईचा नवरा झुंबर बैल पाजून आला की ओंजळभर. तिघंही एकमेकांना चोरून.

विसाव्या दिवशी खालची पानं पिवळी पडून पाझरू लागली.

“तहान लागली आसंल,” झुंबर म्हणाला.

“तहान कशी? मी रोज घालते की!” भिमाबाईच्या तोंडून निसटलं.

“तू बी?” नवसाबाई दचकली.

“तू बी म्हंजी? आवं, तुमी पन?”

झुंबर आभाळाकडे बघू लागला.

भिमाबाईनं बोट लावलं तशी वरची धडधाकट पानंही टपाटपा गळली. बुडखा पार कुजला होता. ती रडू लागली. “आता कोन्त्या तोंडानं जाऊ कॅम्पात?”

“रडू नको,” झुंबर म्हणाला. “पाळायला दिलेली शेळी मेली, तर मालकाला कातडं दाखवावं लागतं. न्हायतर तो म्हनतो, इकून खाल्ली. पानं ठेव जपून.”

चांगली एकतीस पानं निघाली. ती टोपल्यात पसरून टोपलं पडवीच्या खिडकीत ठेवलं. पाण्याचं तर आता कुणी नाव काढेना, आणि लाजेपायी कुणी तिकडे बघेही ना.

तीन महिन्यांनी बाईसाहेब आल्याचा निरोप आला. भिमाबाईनं न बघताच टोपल्यावर पदर टाकला आणि कॅम्प गाठला.

“बाईसाहेब, तुमचं झाड गेलं. मीच मारलं. ही त्याची कातडी.”

मेजरीणबाईंनी पदर सारला आणि त्या बघतच राहिल्या. जवळजवळ प्रत्येक पानाच्या देठाशी शर्टाच्या बटणाएवढा गुलाब धरला होता, खाली गुलाबी दोऱ्यासारखी मुळं.

“अहो, हे केलंत कसं? चार वर्षं खटपट करतेय, माझ्याकडे एक पिल्लू झालं नाही! आमच्या क्लबातल्या बायकांना शिकवाल का?”

भिमाबाईनं डोळे फाडून टोपल्यात पाहिलं. गेलेली अब्रू व्याजासकट परत आली होती, नुसतं हो म्हणायचा अवकाश. पण खोटं बोलायला जीभ वळेना.

“शिकवीन की. पर पयली पायरी लय अवघड हाय.”

“कोणती?”

“घरातल्या तिघांनी झाडावर माया करायची. येकमेकाला न सांगता.”