मदतीचा टेम्पो

मॅनेजमेंट मला कोणी शिकवू नये! नवा रायपूरच्या ऑफिसात मी नियोजन विभागात आहे. आमच्याकडे पाण्याचा कूलर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हलवायचा असला, तरी आधी माझा नकाशा तयार असतो! म्हणून मे महिन्यात वादळ-पावसाचं अंधड आलं आणि रायपूरजवळच्या उरला गावी कारखान्यांमागच्या बस्तीतल्या घरांचे पत्रे पतंगासारखे उडाले, तेव्हा आमच्या मंडळाच्या मीटिंगमध्ये मीच छाती काढून उभा राहिलो. माणसं सगळी सुखरूप होती, पण अंथरुणं, भांडी, धान्य, सगळं चिखलात गेलं होतं.

"बाबाराव, हे काम माझ्यावर सोडा!"

बाबाराव म्हणजे आमचे अध्यक्ष, रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सोडतो बापा. पण घोळ नको करजो."

"घोळ? आणि मी?"

शेजारी बसलेली माझी बायको, प्रेमला, खोकली. मी दुर्लक्ष केलं.

समता कॉलनीतल्या लोकांची मनं मोठी! बघता बघता आमच्या व्हरांड्यात तांदूळ-डाळीची पोती आली, आलू आले, वांगी आली, टमाटर आले, चादरी आल्या. मंडळाचे महाप्रसाद शिजवायचे मोठमोठे गंज, म्हणजे पातेली, बाबारावांनी स्वतः काढून दिले. त्यात चार म्हशी आंघोळ करतील! पण मन मोठं झालं की माणसाला घरातला माळाही रिकामा करावासा वाटतो. त्यामुळे एक तार तुटलेली बॅडमिंटनची रॅकेट, एक सँडविच मेकर आणि कुण्या निरंजनच्या बारशाचा पाळणाही आला.

रविवारी सकाळी हे सगळं टेम्पोत भरलं, वर निळी ताडपत्री आवळली. ड्रायव्हरला बजावलं, "जो येऊन 'उरला' म्हणेल, त्याच्याबरोबर निघायचं. दुसऱ्या कोणाचं ऐकायचं नाही!" आणि चहा प्यायला आत गेलो.

बाहेर आलो तर टेम्पो वळणाजवळ सावलीत उभा. पांढरा टेम्पो, निळी ताडपत्री. ड्रायव्हर मात्र बदललेला. जेवायला वगैरे गेला असेल पहिला.

"उरला?" मी विचारलं.

"हव भैया, उरला," नवा ड्रायव्हर म्हणाला. त्याचं नाव बिसाहू. "बोले थे, आदमी आके रस्ता बताएगा."

"वो आदमी मैं!"

प्रेमला म्हणाली, "अहो, एकदा उघडून तरी बघा."

"काहून? मी भरलेला टेम्पो मीच उघडून बघू?"

आम्ही निघालो. वाटेत मला सारखा गुलाबजामचा वास येत होता. सेवेला निघालं की माणसाला असं काहीतरी दिव्य जाणवतंच, असं मी प्रेमलाला सांगितलं. ती खिडकीबाहेर पाहत बसली.

बस्तीत तिथल्या बायकांच्या पुढारी फुलेश्वरी दीदी वाट पाहत होत्या. धिप्पाड बाई, आवाज कारखान्याच्या भोंग्यासारखा. त्यांच्या एका हाकेसरशी सगळी बस्ती जमली. मी छोटंसं भाषण केलं आणि ताडपत्री ओढली.

आत पुऱ्या! मटर पनीर! जिलेबीच्या पराती! गुलाबजामचे डबेच्या डबे!

मी ताडपत्री आणखी ओढली; तिकडेही पुऱ्याच. मग डोक्यात प्रकाश पडला. बाबाराव! म्हाताऱ्याने गुपचूप जेवण पाठवलं, आणि पोती पुढच्या फेरीला येणार!

"बघितलंस? याला म्हणतात टीमवर्क!"

"अहो, आपले गंज कुठे आहेत?"

"तू वाढायला घे!"

अंधडानंतर चूल नीट न पेटलेली माणसं ती. पोरं-म्हातारी अशी काही जेवली, की पाहून माझे डोळे भरून आले. खिशात फोन वाजत होता, पण एका हातात जिलेबीची परात आणि दुसऱ्या हातात झारा असताना फोन कोण घेतो? शेवटी प्रेमलाने तो काढून माझ्या कानाला लावला.

"यज्ञेश्वर!" पलीकडे बाबाराव. "कुठी मेला तू? ते लग्नवाले मले फोन करू करू मारून राहिले!"

"कोणते लग्नवाले?"

"आपल्या गंजावर माह्या नंबर हाय नं! कोण्या बुद्धभूषणच्या पोट्टीचं लग्न हाय, उरला रोडवरच्या हॉलमध्ये. आपल्या गल्लीतल्या कॅटररचा टेम्पो न्याले बुद्धभूषण स्वतः आला, ड्रायव्हरले 'उरला' म्हणाला, अन् आपला टेम्पो घेऊन गेला! मंग त्याचा टेम्पो कोणं नेला?"

माझ्या हातातल्या परातीत शेवटची जिलेबी होती. समोरच्या आजोबांनी ती उचलली.

हॉलमधली हकीकत नंतर कळली. वऱ्हाड दारात, आणि बुद्धभूषणभाऊंनी ऐटीत ताडपत्री उघडली. सगळ्यात वर पाळणा! नवरदेवाचे मामा म्हणाले, "इतनी जल्दी?" मग रॅकेट निघाली. मग सँडविच मेकर. नवरदेवाचे वडील लाल होऊन खुर्चीत बसले, ते उठेचनात. इकडे बाबारावांकडून नंबर घेऊन बुद्धभूषणभाऊंचा मला फोन आलाच, आणि मी जेवण संपल्याचं सांगून टाकलं. माणूस रडायच्या बेतात होता.

"भाऊ, तुमी चांगलं काम केलं, मी नाही म्हणत नाही. पण वऱ्हाड बसून राहिलं. त्यायले मी काय वाढू? रॅकेट?"

कॅटररकडे दुसरं जेवण नव्हतं. ती पोरगी तिकडे मुंडावळ्या बांधून बसली असेल, आणि तिच्या लग्नाचे गुलाबजाम इकडे मी माझ्या हाताने वाढून संपवले होते! मी टेम्पोच्या चाकाशी मटकन बसलो.

"क्या हुआ भैया?" फुलेश्वरी दीदींनी विचारलं.

प्रेमलाने सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ओरडा बसणार. दीदींनी पदर खोचला.

"बेटी की शादी है? और खाना हम खा गए? वहाँ चावल-दाल है ना?"

"आहे! है! पोतं भरके!"

"बर्तन?"

"हत्ती के जैसे!"

"चलो ओ!" दीदींनी हाक दिली, आणि बस्तीतल्या बायका भराभर रिकाम्या टेम्पोत चढल्या. बिसाहूने टेम्पो असा हाणला, की मी मागे फळीला वटवाघळासारखा लटकलो होतो.

पुढचं मी नुसतं पाहत राहिलो. हॉलच्या मागे शेगड्या पेटल्या, आमचे गंज चढले. कोणी तांदूळ धुतंय, कोणी वांगी चिरतंय, कोणी टमाटर-मिरचीची चटणी वाटतंय. मला दीदींनी कांदे सोलायला बसवलं. बुद्धभूषणभाऊ पाणी आणत होते. प्रेमला वऱ्हाडाला सरबत देऊन थोपवत होती आणि पाळणा हा आमच्याकडचा शुभशकुन असतो, असं मामांना पटवत होती!

पंगत बसली. वाफाळता भात, फोडणीची दाल, आलू-भांट्याची, म्हणजे बटाटा-वांग्याची भाजी, चटणी. नवरदेवाचे वडील तोंड फुगवूनच बसले. एक घास घेतला. दुसरा घेतला. मग मान वर करून म्हणाले, "वो चटनी इधर लाना जरा!" आणि बुद्धभूषणभाऊंनी मला चक्क मिठी मारली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कांद्याचं होतं, असं मी सगळ्यांना सांगितलं.

लग्न थाटात लागलं. उरलेली पोती, चादरी, गंज दोन्ही टेम्पोंत भरून बस्तीकडे निघाले. शिवाय बुद्धभूषणभाऊंनी बस्तीतल्या घरांचे पत्रे बसवायला आपली माणसं पाठवायचं कबूल केलं. फुलेश्वरी दीदी जाता जाता माझ्यापाशी थांबल्या, खांद्यावर हात ठेवून अगदी मायेनं म्हणाल्या,

"भैया, आज अचानक था, इसलिए सादा खाना बना. अगली बार आपको मदद लगे, तो जरा पहले बता देना."

"हव दीदी," मी म्हटलं, आणि सकाळपासून पोटात काही नाही हे आठवून ताट घेऊन पंगतीकडे धावलो.

भात संपला होता!