नाखव्याच्या पिंपातल्या निवट्या

प्रदूषणाची नोटीस आली म्हणून पेढे वाटणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. काशिनाथ नाखवा. वागळे इस्टेटमध्ये माझा लेथचा गाळा आणि त्याला चिकटून नाखव्याचा प्लेटिंगचा. मी बोल्ट कातायचे आणि त्याने त्यावर निकेल चढवायचं, असा आमचा शेजार.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. नवा नियम आला, की प्लेटिंगचं पाणी साफ केल्याशिवाय गटारात सोडायचं नाही. दरवर्षी तपासणी. पास झालात तर परवानगी, नाहीतर गाळ्याला टाळं. नाखवा सोडून गल्लीतले सातही प्लेटिंगवाले चहाच्या टपरीवर जमले आणि त्यांनी सरकारच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "अरे, टाक्या बांधू कुठे? डोक्यावर?" एकाने विचारलं. खोटं नव्हतं. आमच्या गाळ्यांत माणसाला वळायची मारामार. दोघांनी पैसे घेऊन पासचा कागद आणून देणारा एजंट गाठला, एकाने धंदा गुंडाळून कल्याणला कपड्यांचं दुकान टाकलं. आणि हा बाबा पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या दारात!

"नाखवा, डोकं फिरलंय का तुझं?"

"वाच, वाच. कायद्यात लिवलंय. पानी साफ पायजे!"

नोटीस त्याने चक्क लॅमिनेट केलेली आणि गणपतीच्या फोटोशेजारी लावलेली. सकाळची उदबत्ती दोघांना सारखीच.

निकेलचे दोन हौद होते, त्यातला एक त्याने उखडला आणि तिथे पाणी गाळून साफ करायला ओळीने तीन टाक्या बांधल्या. मला म्हणाला, "तुजं अर्धं काम दुसऱ्याला दे, माज्याच्याने व्हनार नाय." मी असा भडकलो की दोन दिवस बोललो नाही. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच.

मग ती पट्टी आली. पाण्यात बुडवली की रंग बदलते आणि त्यात तेजाब किती, चुना किती ते सांगते, तसली कागदाची पट्टी. नाखव्याच्या खिशात कायम गड्डी. टाकीपुरता थांबला असता तर ठीक होतं. टपरीवरचा चहा, माझ्या डब्यातली आमटी, एवढंच काय, सत्यनारायणाच्या तीर्थातसुद्धा त्याने पट्टी बुडवली. भटजी बघतच राहिले. वर सगळ्यांना एकच प्रश्न, "पट्टी काय बोलते?" शेवटी मीही घरी डोंबिवलीला गेलो की बायकोला विचारायला लागलो, आमटी आंबट झालीये, पट्टी काय बोलते?

महिन्यातून एकदा गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारा येऊन उभा राहायचा. डोक्याला रुमाल, हातात सुक्या मासळीची पिशवी. हा नाखव्याचा बाप, खाडीकाठच्या बाळकुमचा. उभा जन्म खाडीत जाळं टाकण्यात गेलेला. सुनेसाठी आणलेली पिशवी द्यायची आणि तिथूनच मागे फिरायचं. नाखवा चहाचा ग्लास घेऊन धावायचा आणि म्हातारा हात मागे घ्यायचा. गाळ्यात त्याने कधी पाऊल टाकलं नाही.

मी एकदा विचारलंच.

"बाबा माज्या हातचं पानी पीत नाय," नाखवा म्हणाला. "खाडीतलं म्हावरं मेलं ना, तवापासून. बोलतो, तुज्या गाल्याचं पानी माज्या जाल्यात येतं." आणि लगेच माझ्या ग्लासात पट्टी बुडवून मोकळा.

तेव्हा कुठे मला त्या पेढ्यांचा अर्थ कळला.

काही महिन्यांनी पट्टी पास झाली. पण नाखव्याचं समाधान नाही. एका सोमवारी तो खाडीवरून डबा भरून निवट्या घेऊन आला. निवटी म्हणजे चिखलात राहणारी बोटभर मासळी, डोळे वटारलेली. पाणी पसंत पडलं नाही तर ही बया सरळ चालत बाहेर येते. नाखव्याने अर्धं कापलेलं पिंप घेतलं, त्यात शेवटच्या टाकीतलं पाणी, मूठभर मीठ, खाडीचा चिखल घातला आणि पाच निवट्या सोडल्या. दुपारपर्यंत पाचही फरार! एक माझ्या पान्यांच्या पेटीत निघाली. मी अशी बोंब ठोकली की टपरीवाला धावत आला.

"पट्टी पास, निवटी नापास," नाखवा शांतपणे म्हणाला आणि पाचही जणींना डब्यात घालून खाडीवर सोडून आला.

असं बरेच महिने. वाळू बदल, चुना बदल, पुन्हा नव्या निवट्या. शेजारी हसले, एजंट हसला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? आणि एक दिवस निवट्या पिंपातच राहिल्या. चिखलावर बसायच्या, पाण्यात डुबकी मारायच्या, परत चिखलावर. मी आपला तोंडाचा आ करून बघत राहिलो.

तपासणीचे साहेब आले. बाटलीत पाणी घेतलं, कागद भरले आणि पिंपाशी थबकले. "हे काय? नियमात माशांची अट नाही."

"नियमात नाय साहेब. माज्या बाबाची हाय."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "बाबांना दाखवलंत?"

नाखव्याने मान खाली घातली. "तो येत नाय."

परवानगीचा कागद आला, तोही लॅमिनेट झाला. पण या खेपेला पेढे नाहीत. मला काही ते बघवेना. पुढच्या खेपेला म्हातारा गल्लीच्या तोंडाशी दिसला तसा मीच धावलो. "बाबा, तुमच्या पोराच्या निवट्या माझ्या गाळ्यात शिरल्यात! कुणाला धरता येईनात!" साफ थाप. पण अस्सल कोळी तो, मासळी सुटली म्हटल्यावर थांबतोय कसला? तरातरा आला आणि सरळ पिंपापाशी उभा राहिला.

निवट्या आपल्या जागेवर होत्या. एक चिखलावरून पाण्यात गेली, परत आली. म्हातारा उकिडवा बसला. पाण्यात हात घातला, बोटांचा वास घेतला. नाखवा भिंतीला टेकून उभा.

"मीठ कमी हाय," म्हातारा म्हणाला.

नाखव्याने धावत जाऊन मीठ आणलं. मी चहा सांगितला. सवयीने नाखव्याचा हात खिशातल्या पट्टीकडे गेला आणि तिथेच थांबला. त्याने नुसता ग्लास पुढे केला. म्हाताऱ्याने एकदा पोराकडे बघितलं, एकदा पिंपाकडे, आणि ग्लास घेतला.

"गरम हाय. बशी दे."

बशी शोधायला म्हणून नाखवा माझ्या गाळ्यात आला आणि लेथच्या मागे तोंड लपवून रडत उभा राहिला. बशी मीच नेऊन दिली.