सहाशे एकोणपन्नासची हूल

ग्राफिक्स कार्डाची किंमत कशी ठरवावी, हे सांता क्लारात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही! हे मी म्हणत नाही, माझ्या बढतीच्या पत्रात तसं लिहिलंय. ते पत्र मी कपाटात उलटं ठेवलंय. का, ते सांगतो.

लोकांना वाटतं, माल बनवायला किती खर्च आला ते बघायचं, त्यावर नफा चढवायचा, झाली किंमत. डोनट तसे विकतात. कार्डाचं तसं नसतं. किंमत ठरवणारा माणूस आपल्या मालाकडे बघतच नाही, तो रस्त्यापलीकडे बघतो. रस्त्यापलीकडे आमचे प्रतिस्पर्धी. आमच्या कंपनीत त्यांचं नाव कुणी उच्चारत नाही. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं आम्ही 'समोरचे' म्हणतो. तेही आम्हाला 'समोरचे'च म्हणतात.

पद्धतही दोन्हीकडे एकच. नव्या कार्डाचा मोठा समारंभ करायचा. मंच, दिवे, साहेबांचं भाषण, सगळं महिनाभर आधी तयार. फक्त किमतीची पाटी कोरी! कारण आकडा जो आधी सांगेल तो मेला. दुसरा दुसऱ्या दिवशी वीस डॉलर कमी सांगून टाळ्या घेणार. म्हणून सगळा कारभार 'आधी तुम्ही, आधी तुम्ही'चा. लखनौच्या नवाबांनी आमच्याकडे शिकवणी लावावी.

या वसंतात समोरच्यांनी समारंभ जाहीर केला बुधवारी सकाळी दहाला. आम्ही ताबडतोब जाहीर केला गुरुवारी सकाळी दहाला. ही सूचना माझी. मी म्हणजे लेलंड चौ, अकरा वर्षं याच खुर्चीत.

आता विकबद्दल सांगायला हवं.

विक परेडेस नऊ वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसत होता. मग समोरच्यांनी त्याला नेला. तिकडच्या किमती तो ठरवू लागला. आमची मैत्री मात्र रस्ता ओलांडून टिकली. दर शनिवारी सनीवेलच्या मैदानावर आम्ही दोघं मिळून मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ शिकवतो. संघ कायम हरतो. आम्ही कायम शिकवतो.

पण एक अडचण होती. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या माणसांनी आपसात किमतीबद्दल बोलणं हा गुन्हा आहे. आमच्या वकीलबाई दर वर्षी दोन तास व्याख्यान देतात आणि शेवटी तुरुंगाच्या कोठडीचा फोटो दाखवतात. विक आणि मी दोघेही जातीचे भित्रे. त्यामुळे आम्ही किंमत या विषयालाच शिवत नव्हतो. कशाच्याच!

"डोनट झकास आहे रे," विक म्हणायचा. "कितीला आणलास?"

"विक!"

"बरं बाबा, राहिलं! फुकट आणलास असं समजतो."

असे आम्ही सोवळे. पण मार्चमध्ये एका शनिवारी मुली पळायला गेल्या असताना तो बाकावर बसून म्हणाला, "लेलंड, धंद्याचं बोलत नाही. घरचं बोलतोय."

"बोल ना."

"गेल्या वर्षीचं आमचं कार्ड पडून राहिलं. भाव चढा लावला म्हणून खापर माझ्यावर. साहेब म्हणाला, विक, आणखी एकदा चुकलास तर गळ्यातला ओळखपत्राचा पट्टा टेबलावर ठेवून जा."

"असं प्रत्येक साहेब म्हणतो."

"माझा करतोसुद्धा. आणि सप्टेंबरात थोरली डेव्हिसच्या कॉलेजात जाणार, तिथली फी भरायचीय. पोरीला अजून सांगितलं नाही काही."

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. काय करणार! आणि सोमवारी ऑफिसात जाऊन त्याच माणसाला खड्ड्यात घालायचा बेत मांडला. धंदा धंद्याच्या जागी, मैत्री मैत्रीच्या जागी, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. हे वाक्य माणूस फक्त स्वतःलाच सांगतो, हे नंतर लक्षात आलं.

माझ्या साहेब डोरीन ब्लँचर्ड. त्यांच्यापुढे मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ५४९.

"ही आपली खरी किंमत," मी म्हणालो. "पण बाहेर सोडायची ६४९. समोरचे ऐकतील, खूश होतील, आणि बुधवारी छाती काढून ५९९ सांगतील. गुरुवारी आपण ५४९. त्यांची दातखीळ बसेल!"

"आणि हे बाहेर सोडायचं कसं?"

"गुप्त ठेवून."

त्याचं असं आहे. आम्ही फक्त चिप बनवतो. तिच्यावर पंखे, पत्रा आणि रंगीत दिवे चढवून कार्ड तयार करतात ते तैपेईचे कारखानदार. मी त्यांना कागद धाडला, 'तात्पुरती किंमत ६४९ डॉलर. अत्यंत गुप्त.' आमच्या धंद्यात 'अत्यंत गुप्त' हा शिक्का म्हणजे दवंडीच. एकोणीस तासांत आकडा जगभर झाला. मी घड्याळ लावून बसलो होतो!

इथवर सगळं बिनचूक. आता पब्लिक खवळणार, शिव्या घालणार, आणि गुरुवारी आमच्या पायाशी लोळण घेणार, असा माझा अंदाज. मी कॉफी घेऊन प्रतिक्रिया वाचायला बसलो.

'फक्त ६४९? मला वाटलं आठशे असेल!'

'देव त्यांचं भलं करो.'

'किडनी विकायला काढली होती, परत ठेवतो.'

माझी कॉफी गार झाली. गेल्या काही वर्षांत आम्ही आणि समोरच्यांनी मिळून लोकांना असं सोलून काढलं होतं की गिऱ्हाईक आता चाबूक मोजूनच खूश होत होतं, चारच बसले म्हणून!

दुपारी डोरीननी बोलावलं. त्यांच्याही हातात त्याच प्रतिक्रियांचा कागद होता.

"लेलंड, तुम्ही थोर आहात!"

"कशाबद्दल?"

"लोक ६४९ द्यायला तयार आहेत. आनंदानं! मग ५४९ कशाला?"

"अहो, ती हूल होती!"

"तुमची हूल तुमच्या किमतीपेक्षा चांगली निघाली. ६४९ कायम."

"पण समोरचे?"

"समोरचे तुमच्या म्हणण्याप्रमाणे ५९९ सांगणार. पन्नास डॉलर जास्त? आपलं कार्ड आहेच तेवढं सरस. यात काही चूक आहे?"

चूक होती. पण ती मला अजून दिसली नव्हती. ती बुधवारी सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी दिसली.

आम्ही सगळे बैठकीच्या खोलीत समोरच्यांचा समारंभ बघत होतो. त्यांचे साहेब मंचावर येरझारा घालत होते. मग पडद्यावर आकडा आला. ५२९!

खोलीत कुणी तरी डोनट खाली पाडला. कॅमेरा पहिल्या रांगेवर फिरला. तिथे विक बसला होता, हाताची घडी घालून, हसत. ते हसू मी नऊ वर्षं पाहिलेलं. आणि तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला.

शंभर डॉलर वर सांगून हूल द्यायची, ही युक्ती माझी एकट्याची नव्हतीच! आम्ही दोघांनी मिळून शोधली होती, सात वर्षांपूर्वी, याच इमारतीत, शेजारशेजारच्या टेबलांवर! अर्धी अक्कल माझी, अर्धी त्याची. त्याची अर्धी घेऊन तो पलीकडे गेला होता आणि मी हे साफ विसरलो होतो. त्यानं बातमी वाचली असणार, सहाशे एकोणपन्नासातून शंभर वजा केले असणार, त्यातून आणखी वीस काढले असणार, आणि साहेबाला छातीठोक सांगितलं असणार, "लेलंडला मी ओळखतो. त्याची खरी किंमत ५४९ आहे."

बरोबर ओळखलं होतं की पठ्ठ्यानं! फक्त दोन आठवडे जुनं.

"४९९ करा!" मी ओरडलोच. "आत्ताच्या आत्ता!"

"शांत व्हा," डोरीन म्हणाल्या. "तैपेईला विचारू."

फोनवर श्येसाहेब आले. आमचे सगळ्यात जुने कारखानदार, सहसा आवाज न चढवणारे.

"श्येसाहेब, कार्ड ४९९ला देता येईल का?"

"चौ, तुम्ही ६४९ लिहिलंत. मी त्या हिशेबानं तीन पंख्यांचा सांगाडा बनवला. पितळेची पट्टी लावली. दिवे तर इतके लावलेत की कपाटात ठेवलं तरी उजेड पडेल. तुम्ही सांगितलंत लग्नाचा घोडा, मी झूल शिवली. आता म्हणता गाढव आहे?"

"ती किंमत तात्पुरती होती हो."

"झूल कायमची आहे. चाळीस हजार शिवून झाल्यात!"

डोरीननी फोन ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. "समोरचे घाबरलेत म्हणून स्वस्त विकताहेत. आपण का घाबरायचं? ६४९."

"निदान ५४९ तरी करा! मी पहिल्यापासून तेच म्हणत होतो!"

"लेलंड, तुम्ही आज इतके का हातघाईवर आलात? तिकडच्या कुणाशी बोलणं होतं का तुमचं?"

मला कोठडीचा फोटो आठवला. मी म्हणालो, "नाही."

हे मी नीट सांगतो, कारण पुढचं सगळं यावर आहे. यंदा मालाची अशी टंचाई की फॅक्टरीतून जेवढी कार्डं निघतील, तेवढी विकली जाणारच. पुरणारच नाहीत. म्हणजे आम्ही गुरुवारी ६४९ म्हणालो, की समोरच्यांनी प्रत्येक कार्डामागे एकशेवीस डॉलर उगीच सोडले असं सिद्ध होणार. आणि ते कुणाच्या सांगण्यावरून सोडले? विकच्या! याउलट आम्ही ५४९ म्हणालो, की विक शहाणा ठरणार. त्याच्या गळ्यातला पट्टा आता माझ्या आकड्याला लटकला होता.

गुरुवारी सकाळी मी मंचामागे उभा होतो. किमतीची पाटी शेवटच्या दहा मिनिटांत लावायची आणि ती लावायची मी, असा रिवाज. माझ्या संगणकावर तीन पाट्या तयार होत्या, ४९९, ५४९ आणि ६४९. समोर आमचे मोठे साहेब चामड्याच्या बुटांत टाचा आपटत होते. मनात आलं, ५४९ची लावून टाकावी. पडद्यावर एकदा आकडा आला की तो परत घेता येत नाही, जगानं पाहिलेला असतो. नोकरी जाईल, जाऊ दे. एक तरी गोष्ट बरोबर होईल.

हा विचार मी पूर्ण अकरा सेकंद केला. मग ६४९ची लावली.

सभागृहात कुणी टाळी वाजवली नाही. मागे एक जण खोकला, तो आमचाच होता.

आणि तरी आमची सगळी कार्डं चार मिनिटांत संपली! समोरच्यांची तीन मिनिटांत. शुक्रवारपर्यंत दलालांकडे दोन्ही कार्डं आठशेला मिळत होती. म्हणजे त्यांचे ५२९ खोटे, आमचे ६४९ खोटे, खरी किंमत कुणी तरी तिसऱ्यानंच ठरवली. आमच्या हिशेबखात्यानं मात्र प्रत्येक कार्डामागे शंभर डॉलर जास्त आलेले पाहिले आणि डोरीननी मला बढतीचं पत्र दिलं. 'धाडसी आणि दूरदर्शी किंमत-धोरणाबद्दल.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या आदल्या दिवशी हव्या होत्या!

शनिवारी मैदानावर जावंसं वाटत नव्हतं. गेलो. विक माझ्या आधी येऊन बॅटी मांडत होता. गळ्यात पट्टा नव्हता. तसा शनिवारी तो कधीच नसतो, पण मला दिसला तो नसलेलाच.

"ये रे, दूरदर्शी!" तो म्हणाला. बातमी रस्ता ओलांडून पोचली होती.

"विक, मी..."

"तू गप्प बस. तुला बोलायची बंदी आहे, तुझ्या वकीलबाई आहेत. मला आता कुणीच नाही, मी वाटेल ते बोलेन! काल दुपारी तीनला पट्टा टेबलावर ठेवला. साहेबानं निदान खुर्चीतून उठून हात मिळवला."

"पोरीला सांगितलंस?"

"सांगितलं. ती म्हणाली, बाबा, मी इथल्याच कॉलेजात जाईन दोन वर्षं. अगदी सहज म्हणाली. तेच लागलं जरा." त्यानं एक चेंडू उचलला, पुसला, परत ठेवला. "पण लेका, मानलं तुला! मला वाटलं, हा नेहमीची हूल देतोय. आणि तू खरंच ६४९ लावलेस! माझ्यासाठी खास हुलीची हूल रचलीस ना? मी वजाबाकी करणार, हे तुला माहीत होतं!"

मला सांगायचं होतं की असं काही नव्हतं रे. मी मूर्ख होतो, तू बरोबर होतास, आकडा ५४९च होता, आणि शेवटी तो लावायची संधी माझ्या हातात होती. पण ते सांगणं म्हणजे कंपनीचं गुपित फोडणं. शिवाय, खरं सांगू का, समोरचा माणूस आपल्याला हुशार समजत असताना त्याला थांबवणं फार कठीण असतं.

"हं," मी म्हणालो.

एवढंच! नऊ वर्षांच्या शेजाऱ्याला मी 'हं' म्हणालो.

मुली आल्या. आम्ही त्यांना पळायला लावलं. विक माझ्याशेजारी उभा राहून शिट्टी वाजवत होता. मध्येच म्हणाला, "निघताना साहेबानं विचारलं, तुझ्या जागी कुणाला घेऊ? मी तुझं नाव दिलं."

"माझं?"

"मग कुणाचं देणार? मला हरवणारा एकच माणूस आहे या गावात. सोमवारी फोन येईल तुला. घे की! रस्ताच तर ओलांडायचा."

सोमवारी खरंच फोन आला. समोरच्यांकडून, अगदी गोड आवाजात. विकची खुर्ची, विकचं टेबल, खिडकीसकट. माणसात थोडी तरी लाज हवी की नाही? मी स्वच्छ शब्दांत नकार दिला.

म्हणजे, देणार किती ते विचारून झाल्यावर.