वीस फुटी मिरची

मे महिन्यातले सकाळचे ऊन भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत घाईने येत नाही. ते आधी कौलांच्या कडेवर टेकते, मग गॅलरीच्या कठड्यावरून सरकत सुभद्राकाकूंनी वाळत घातलेल्या मिरच्यांवर उतरते, आणि एकेका मिरचीच्या पाठीवर थांबून, तिची विचारपूस करून, पुढे जाते. असे ऊन पाहून जो उदास होत नाही, त्याने गुप्तहेर होऊ नये. मी, राजरत्न, परळ ते वरळी कोळीवाडा या टापूतील एकमेव गुप्तहेर, रोज उदास होतो. लालबागेत फ्लेक्सचे फलक छापतो, तो केवळ माझा वेश आहे.

त्या सकाळी काकूंनी उन्हातल्या मिरच्या हलवतच हाक मारली.

"राजा, आपलं मसाल्याचं दुकान मोबाइलात उघडतच नाय रे. माटुंग्याची बाई म्हणाली, नुसतं चाक फिरतंय. शनिवारपर्यंत एक पण ऑर्डर नाय आली, तर हे सगळं गुंडाळून मी पोळ्या लाटायला जाणार."

एवढा मसाला पोळपाटाखाली संपणार! मी प्रकरण हाती घेतले.

पहिला संशय तळमजल्यावर, बुधाजींच्या कांडप गिरणीवर. तिच्या दणक्यांनी इंटरनेट विस्कळीत होत असावे, या अनुमानाने मी आत शिरलो.

"काल सकाळी अकरा वाजता आपण काय कांडत होता?"

"मिरची. परवा पण मिरची," बुधाजी म्हणाले. "तुला काय वाटलं, मोती?"

चौदाव्या शिंकेनंतर मी उलटतपासणी स्थगित केली.

दुसरा संशय समुद्रावर. खारा वारा तारा गंजवतो. कोळीवाड्यात जाऊन मी वाऱ्याची दिशा नोंदवली आणि बोंबील घेऊन परतलो. पुरावा आईने तळला.

शुक्रवारी संध्याकाळी काकूंची मुलगी मेघना कामावरून आली. ती परीक्षांचे फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात बसते. काकूंच्या दुकानाची वेबसाइट ज्यात बांधली होती, ते ॲप तिने उघडले.

"राजा, हे मिरचीचे फोटो केवढे आहेत रे?"

"वीस फूट बाय दहा," मी नम्रपणे म्हणालो. "मंडळांच्या फलकांना हाच आकार लागतो. कोपऱ्यातल्या कार्यकर्त्याची मिशीसुद्धा स्पष्ट येते."

"आणि लोक बघणार चार बोटांच्या मोबाइलवर! असे बारा फोटो! मग चाक फिरतच राहणार. अरे, फॉर्मला फोटो लावताना आम्ही आधी बारीक करतो, नाहीतर तो घेतच नाही."

"परंतु त्यातले ऊन…"

"ऊन पण मावेल."

हे फोटो चढवणारा अज्ञात इसम बुधाजींचा हस्तक असावा, असे मी सुचवले. तिने बाराही फोटो लहान केले.

काकूंनी दुकान उघडले. चाक फिरलेच नाही. मिरच्या आल्या, त्यांच्या पाठीवरचे ऊनही आले. जेवणाआधी माटुंग्याच्या बाईंची ऑर्डर आली.

"आली रे बाबा!" काकूंनी डोळे पुसले. हात मिरचीचे असल्याने त्या मग बराच वेळ रडल्या. "पण राजा, एवढाले फोटो त्यात घातले कोणी?"

मी कठड्याकडे पाहिले. ऊन केव्हाच गेले होते.

"मी," मी म्हणालो.