काचपेटी आणि लांबलेली प्रार्थना

रेव्हरंड उजागरे यांच्या तसबिरीची काच संध्याकाळी पाचच्या आत पुन्हा तसबिरीवर बसली पाहिजे, असं पीटर भिंगारदिव्यांनी शनिवारी दुपारी तारऑफिसातून घरी येता येता ठरवलं. ती काच गेले चार महिने त्यांच्याच बैठकीच्या खोलीत होती, पण भलत्या जागी. हन्नाबाईंच्या आमरीच्या पेटीला ती दर्शनी बाजूनं बसवलेली होती.

हन्नाबाई मुलींच्या मिशन शाळेत सृष्टिज्ञान शिकवत. त्यांचा भाऊ यशया राजूरला जंगलखात्यात होता. माघात त्यानं आंब्याच्या फांदीचा एक मोठा पोकळ तुकडा आणून दिला. त्याला आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, जातीची सीतेची वेणी चिकटून वाढलेली होती. राजूरच्या धुक्यात पोसलेलं ते झाड नगरच्या कोरड्या हवेत आठ दिवसांत सुरकुतलं. हन्नाबाईंनी मग पुस्तकं चाळली आणि कंबरेइतक्या उंचीची एक पेटी करायला घेतली. शाळेतल्या मोडक्या बाकाच्या सागवानाचा सांगाडा, तळाला पत्र्याचं ताट, त्यात कोळसा, विटांचे तुकडे आणि पाणी, वर शेवाळ, मधोमध ती फांदी, चारी बाजूंना काच आणि माथ्यावर जाळीचं झाकण. लढाईमुळं नवी काच गावात मिळत नव्हती. तसबिरी मढवणाऱ्या नबीलालनं एका फुटक्या कपाटाच्या तीन काचा मिळवून दिल्या. चौथीचं माप फक्त भिंतीवरच्या रेव्हरंडसाहेबांना लागू पडत होतं.

"साहेब बिनकाचेचे राहिले तर त्यांना काय होतंय?" हन्नाबाई म्हणाल्या होत्या.

पीटर काही बोलले नव्हते. दिवसभर लोकांच्या तारांमधले फालतू शब्द खोडून खोडून त्यांना घरीही दोनावर तिसरा शब्द काढवत नसे. शनिवारच्या प्रार्थनासभेत अकरा वर्षांत त्यांनी एकदाही उघड प्रार्थना केली नव्हती.

ती सभा या शनिवारी त्यांच्या घरी होती. रेव्हरंडसाहेबांनी मंडळीतल्या प्रत्येक घराला आपली तसबीर भेट दिली होती आणि कुठल्याही घरात पाऊल टाकलं की त्यांची नजर आधी तिच्याकडे जाई. त्यातून सोमवारी शाळेची कमिटी बसायची होती. नव्या हेडमास्तरीण बाई कोण, हे तिथं ठरणार होतं आणि कमिटीचे अध्यक्ष साहेबच होते. हन्नाबाईंची सोळा वर्षं नोकरी झालेली. पण "बाईंचं लक्ष मुलींपेक्षा झाडाझुडपांत जास्त" असं साहेब मागे कुणाजवळ तरी बोलून गेले होते.

"तसबीर आतल्या खोलीत ठेवा," सकाळी शाळेला निघताना हन्नाबाईंनी बजावलं. "विचारलंच तर वाळवी लागली म्हणून सांगा."

"प्रार्थनेच्या दिवशी खोटं?"

"मग मी सांगेन. तुम्ही गप्प बसा, ते तुम्हाला जमतं. आणि पेटीला हात लावू नका हं. वेणी आजच उमललीय."

पण खोटं बायकोनं बोललं तरी ते आपल्याच घरात बोललं जाणार, हे पीटरना सोसेना. त्यांनी दुपारी नबीलालला बोलावून आणलं.

"बाबू, ठोकावं लागेल," नबीलाल पेटीभोवती फिरून म्हणाला. "काचेभोवतीचं लुकण पार दगड झालंय. झाड हादरलं तर बाई मला सोडणार नाहीत."

"हळू ठोक."

नबीलालनं हळू म्हणजे अर्धा तास ठोकलं. काच अखंड निघाली, तसबिरीवर बसली, साहेब पुन्हा चकाकू लागले. पेटीच्या उघड्या बाजूवर पीटरनी एक जुनं धोतर ओलं करून सुतळीनं बांधलं. गुलाबी फुलांचा घोस आत तसाच लोंबत होता. त्यांना फार हलकं वाटलं.

हा हलकेपणा साडेतीनपर्यंत टिकला. शेजारच्या लंकाबाई सतरंज्या घेऊन आल्या आणि फूल बघायला पेटीपाशी वाकल्या.

"आवं बाबू, ही कुनाची कात हाय?"

फांदीच्या ढोलीतून एक पांढुरकी, कागदासारखी पातळ, हातभर लांब पट्टी बाहेर आली होती. पीटरनी चष्मा पुसला. पट्टी तिथंच होती.

"हरनटोळाची दिसती," लंकाबाई म्हणाल्या. त्यांचं माहेर अकोल्याकडचं. "आमच्याकडं लई. हिरवागार, बारीक, येलावानी. फांदीवर बसला तर म्हाईत बी पडत न्हाई."

"विषारी?"

"मानूस मरत न्हाई म्हनत्यात. पन टाळू सोडत न्हाई बगा. उंचावर बसतो, नेम धरतो आन् वरनं थेट टाळूवर!"

पीटरचा हात आपोआप डोक्यावर गेला. कात होती, पण कात टाकणारा दिसत नव्हता. त्यांनी धोतराकडं पाहिलं. खालच्या कोपऱ्यातली सुतळी सैल होऊन दोन बोटं जातील एवढी फट पडली होती. लंकाबाईंनीही ती पाहिली. त्यांनी कोपऱ्यातली रिकामी पाटी उचलून डोक्यावर पालथी घातली.

"सतरंज्या तुमीच हातरा," असं म्हणून त्या झपाट्यानं बाहेर पडल्या.

पुढचा तासभर पीटर टोपी घालून, हातात मिटलेली छत्री घेऊन घरभर फिरत होते. त्यांनी कॉटखाली पाहिलं, बाजाच्या पेटीचा भाता उघडून पाहिला, गीतांची पुस्तकं एकेक करून झटकली. कौलांखालच्या वाशांकडं बघून बघून मान अवघडली. हिरवं असं घरात काहीच नव्हतं, आणि हीच गोष्ट अधिक भयंकर होती.

पावणेपाचला हन्नाबाई आल्या. त्यांना सांगावं, असं पीटरच्या अगदी ओठांवर आलं. पण सोळा वर्षांच्या नोकरीचा निकाल साहेबांच्या मनात आज तासाभरातच लागायचा होता. बाई घाबरल्या तर संपलंच. त्यांनी छत्री दाराआड ठेवली.

"हे धोतर कशाला?" हन्नाबाई दारातच थबकल्या.

"काच तसबिरीवर."

"कधी काढलीत?"

"दुपारी."

"म्हणजे दुपारपासून पेटी उघडी?" त्यांचा चेहरा उतरला. पीटरना वाटलं, आमरीच्या काळजीनं. बाईंनी फुलाकडं मात्र पाहिलं नाही. त्या पडदे झटकू लागल्या, कपाटामागं डोकावल्या, फळीवरचे डबे हलवून पाहू लागल्या. पाहुणे यायच्या वेळेला ही कसली झाडलोट काढलीय, असं पीटरना वाटलं. पण विचारायला उसंत नव्हती. अंगणात चपलांचे आवाज यायला लागले होते.

रेव्हरंडसाहेब सगळ्यांत शेवटी आले. उंचेपुरे, अर्धा जन्म मुंबईत गेलेला, आणि डोक्यावर सोला हॅट. त्यांनी आधी तसबिरीकडं पाहिलं.

"वा, पीटर! काच किती लख्ख ठेवलीय!"

ते तसबिरीखालच्याच खुर्चीत बसले आणि त्यांनी हॅट काढली. संपूर्ण टक्कल. संध्याकाळचं ऊन त्यावर असं पडलं होतं की, वरून नेम धरायला दुसरी जागाच शोधायला नको.

"साहेब, हॅट राहू द्या," पीटर म्हणाले.

"प्रार्थनेला?"

"बाहेर बसू या मग. अंगणात."

"मला पडसं आहे, पीटर. आतच बरं." साहेबांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "आणि तुमच्या डोक्यावर टोपी कशी?"

पीटरनी टोपी काढली. तेवढ्या गारव्यानंही त्यांच्या टाळूवर काटा आला.

गीत झालं. चौदा माणसांनी डोळे मिटले आणि साहेब प्रार्थना करू लागले. पीटरचे डोळे उघडे होते. साहेब लढाईवरच्या शिपायांवरून पावसाकडं वळले तेव्हा तसबिरीच्या मागून एक हिरवी दोरी वर आली. चौकटीवर ती जरा थांबली. मग टोकदार तोंड पुढं झालं आणि दोरी भिंतीपासून फटकून, अधांतरी, सावकाश खाली उतरू लागली. वर काचेतले साहेब, खाली खुर्चीतले साहेब आणि दोघांच्या मधे ते.

पीटर अर्धवट उठले. त्यांनी मदतीसाठी इकडंतिकडं पाहिलं. सगळ्यांचे डोळे मिटलेले. फक्त समोरच्या भिंतीशी हन्नाबाईंचे डोळे उघडे होते आणि ते नेमके त्याच जागी लागले होते. त्यांनी पीटरना हातानं 'शांत' अशी खूण केली आणि अनवाणी उठल्या.

मधे माणसं दाटीनं बसली होती. हन्नाबाई एकेक पाऊल जागा पाहून टाकत होत्या. साहेब आता शाळेच्या कमिटीला सुबुद्धी मागत होते. त्यांचा आवाज उतरला. पीटरना तो उतार ओळखीचा होता. हन्नाबाई अजून तीन पावलं लांब होत्या.

"...आमेन," साहेब म्हणाले.

"हे प्रभो!" पीटर ओरडले.

उघडू लागलेले डोळे दचकून पुन्हा मिटले. भिंगारदिवे प्रार्थना करताहेत, हे कळल्यावर खोलीत कुणी श्वासही घेईना.

"हे प्रभो. परिस्थिती गंभीर. ताबडतोब ये."

"आमेन," दोघंतिघं भारावून म्हणाले. हन्नाबाई अजून दोन पावलं लांब. पीटरना पुढं काही सुचेना, तेव्हा तारेची सगळी ठाणी धावून आली.

"राहुरीवर कृपा कर. बेलापूरवर कृपा कर. श्रीगोंद्यावर कृपा कर. विसापूरलाही विसरू नको, प्रभो!" तोंड आता टकलापासून वीतभर उरलं होतं. पीटरचा आवाज फाटला. "वरून येणाऱ्या संकटापासून तुझ्या सेवकाचं मस्तक राख! आताच राख!"

साहेबांनी हात घट्ट जोडले. त्यांनी मस्तक आणखी नम्रपणे लववलं, आणि तेवढ्यात हन्नाबाईंनी हाताला पदर गुंडाळून ती हिरवी दोरी मधोमध अलगद उचलली. दोरीनं त्यांच्या मनगटाला विळखा घातला. तशाच त्या पेटीकडं वळल्या.

"पारनेरवर कृपा कर. जामखेडवर... जामखेडवर जास्त कर." धोतराचा कोपरा वर झाला. हात आत गेला. रिकामा बाहेर आला. सुतळीची गाठ बसली, दुसरी बसली. "कोपरगाव. आमेन!"

सगळ्यांनी डोळे उघडले तेव्हा पीटर घामानं निथळत उभे होते आणि रेव्हरंडसाहेब रुमालानं डोळे टिपत होते.

"अकरा वर्षं!" साहेब म्हणाले. "अकरा वर्षं हा माणूस हे सगळं पोटात ठेवून होता! पीटर, पुढच्या रविवारचा उपदेश तुमचा. आणि हन्नाबाई, ज्या घरात अशी प्रार्थना होते, त्या घरातल्या बाईंच्या हाती शाळा द्यायला कमिटी का म्हणून मागंपुढं पाहील?"

मंडळी चहाला ओसरीवर गेली. पीटरनी स्वैपाकघरात हन्नाबाईंना गाठलं.

"तुला ठाऊक होतं?"

"फेब्रुवारीपासून. त्या ढोलीतूनच आला. घरातल्या पाली कमी झाल्यात, त्या कशानं असं वाटलं तुम्हाला? त्याच्यासाठी धरून धरून हात दुखले माझे."

"बोलली नाहीस."

"तुम्ही घाबराल म्हणून. आणि तुम्ही?"

"तू घाबरशील म्हणून."

हन्नाबाई तोंडाला पदर लावून हसू लागल्या. पीटरनाही हसू फुटणार, तोच बैठकीच्या खोलीतून हाक आली.

"बाई, जरा इकडं या!"

दोघं धावले. साहेब कपबशी हातात घेऊन एकटेच पेटीपाशी आले होते आणि काचेला टक्कल टेकेल इतके वाकले होते.

"फूल सुरेखच आहे. पण बाई, ही वेल! काय तुकतुकीत हिरवी! हिचं नाव काय?"

हन्नाबाईंनी पीटरकडं पाहिलं. पीटरकडं खऱ्याखेरीज दुसरं काही नव्हतंच.

"हरणटोळ," ते म्हणाले.

"हरणटोळ," साहेबांनी डायरी काढून लिहून घेतलं. "ऊन सोसते?"

"सावली बरी."

"आणि खतपाणी?"

"काही लागत नाही, साहेब," हन्नाबाई घाईनं म्हणाल्या. "तिचं ती बघते."

"मग मला हवी. माझ्या टेबलाच्या वरच खिडकी आहे, तिथून खाली सोडीन. सोमवारी सकाळी बंगल्यावर पाठवाल?"

हन्नाबाईंनी धोतराची गाठ पुन्हा एकदा आवळली.

"सोमवारीच पाठवते, साहेब," त्या अदबीनं म्हणाल्या. "पण संध्याकाळी. कमिटी उठल्यावर."